कायद्यात बसतं, पण मनाला पटत नाही: विधिप्रामाण्यवाद घ्यावा की नैसर्गिक कायदा?

मराठीत एक वाक्य आपण सहज बोलून जातो: ‘कायद्यात बसतं हो, पण मनाला पटत नाही.’ बोलणाऱ्याच्या गावीही नसतं की एवढ्याशा वाक्यात त्याने एका फार जुन्या भांडणात बाजू घेऊन टाकली आहे. नैसर्गिक कायद्याचा, म्हणजे माणसाने केलेल्या कायद्याच्याही वर न्यायाची एक कसोटी असते या मताचा, कट्टर पुरस्कर्ता त्याला तिथेच अडवेल: ‘इतकं अन्यायाचं असेल तर ते कायद्यात बसतंच कसं?’ विधिप्रामाण्यवादी मात्र खूश होईल. बसणं वेगळं, पटणं वेगळं. आमचं म्हणणं एवढंच तर आहे.

ज्युरिसप्रुडन्सच्या, म्हणजे विधिशास्त्राच्या, वर्गात हा विषय संपला की दरवर्षी मागच्या बाकावरून प्रश्न येतो: ‘ते सगळं ठीक, पण यातलं घ्यायचं कोणतं?’ कुणाला प्रबंधात भूमिका घ्यायची असते, कुणी वकिली सुरू करणार असतो, कुणाला नुसताच कुठल्या तरी कायद्याचा राग आलेला असतो. पाठ्यपुस्तकं दोन्ही पक्षांना सारखे गुण वाटून मोकळी होतात. मला ते जमत नाही. काही ठिकाणी एक पक्ष सरळ वरचढ ठरतो, काही ठिकाणी दुसरा, आणि एका ठिकाणी तर दोघेही एकाच दारातून बाहेर पडतात.

आधी नावाचा घोळ मिटवू. विधिप्रामाण्यवाद, वैधिक प्रत्यक्षार्थवाद अशी भारदस्त नावं पुस्तकात असतात. वर्गात सगळे ‘पॉझिटिव्हिझम’च म्हणतात. या ‘पॉझिटिव्ह’चा सकारात्मक विचारांशी काडीचा संबंध नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मांडलेला, ठेवलेला’. म्हणजे कुणीतरी घालून दिलेला कायदा. कुणी घालून दिला, कधी, कोणत्या अधिकाराने, हे शोधलं की कायदा सापडला. तो चांगला निघेल याची हमी मात्र कुणी दिलेली नाही.

दोघं नक्की काय म्हणतात

इंग्रज विधितज्ज्ञ जॉन ऑस्टिनने १८३२ मध्ये विधिप्रामाण्यवादाचं सूत्र मांडलं: कायदा आहे की नाही हा एक प्रश्न, तो बरा की वाईट हा दुसरा. त्याच्या लेखी कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा आणि तिच्यामागे शिक्षेचा धाक. सूत्र टिकलं, व्याख्या टिकली नाही. त्याच परंपरेतल्या एच. एल. ए. हार्टने १९६१ मध्ये तिची चिरफाड केली. बंदूक रोखून ‘पैसे काढ’ म्हणणारा दरोडेखोरही आज्ञाच देतो, धाकही असतोच. आपण पैसे देतो, कारण तसं करणं भाग पडतं. पण त्या दरोडेखोराचं आपण काही देणं लागत नसतो. भाग पडणं आणि देणं लागणं यांतला हा फरक ऑस्टिनला पकडता आला नाही. शिवाय मृत्युपत्र कसं करावं, करार कसा करावा हे सांगणारे नियम कुणालाच आज्ञा देत नाहीत. ते सोय करून देतात.

हार्टने त्या जागी दोन मजली रचना उभी केली. खाली वागणुकीचे नियम. वर नियमांविषयीचे नियम, म्हणजे ते कसे ओळखायचे, कसे बदलायचे, तंटा कुणी सोडवायचा. सगळ्यांच्या वर मान्यता-नियम. त्या समाजातले न्यायाधीश आणि अधिकारी कशाला कायदा मानून वागतात, त्यातच तो दिसतो. नीती चांगली की वाईट हे विचारल्याशिवायही तो सापडतो. ऑस्टिनचं घर पाडून हार्टने कायदा आणि नीती यांच्यामधली भिंत तेवढी राखली.

दुसरीकडे, नैसर्गिक कायद्याच्या बाजूला, तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस. ‘अन्यायी कायदा हा कायदाच नव्हे’ ही घोषणा त्याच्या परंपरेच्या नावावर खपते, पण त्याचं स्वतःचं लिखाण जास्त सावध आहे. असा कायदा कायद्यापेक्षा हिंसेच्या जवळचा, तो सदसद्विवेकाला बांधत नाही, मात्र त्यातून अनागोंदी माजणार असेल तर प्रसंगी तो पाळावाही लागतो, असं तो सांगतो. जॉन फिनिसने १९८० मध्ये हेच आधुनिक भाषेत मांडलं. धार गेलेल्या सुरीला आपण सुरीच म्हणतो, पण सुरी म्हणजे काय ते शिकवायला कुणी तिला पुढे करत नाही. अन्यायी कायद्याचं तसं. (सुरीचा दृष्टांत माझा, फिनिसवर त्याचं खापर नको.)

म्हणजे बाहेरून ऐकू येते तेवढी दरी मुळात नाही. ‘कायदा आहे म्हणून पाळलाच पाहिजे’ असं विधिप्रामाण्यवाद म्हणत नाही, आणि ‘मला पटला नाही म्हणून तो कायदाच नाही’ असं नैसर्गिक कायदाही म्हणत नाही. निवड करायला निघालेले बहुतेक जण नेमकी ही दोन बुजगावणी समोर ठेवून निवडतात आणि फसतात.

विधिप्रामाण्यवादाच्या परंपरेचा मूळपुरुष कोण होता तेही पाहण्यासारखं आहे. जेरेमी बेंथम. नैसर्गिक हक्कांच्या कल्पनेची त्याने यथेच्छ टिंगल केली आणि त्याच वेळी तुरुंगांपासून फौजदारी कायद्यापर्यंत सगळं बदलून टाका म्हणून तो जन्मभर मागे लागला. चांगल्या नागरिकाने कायदा काटेकोर पाळावा आणि त्यावर मोकळेपणी टीका करावी, हे त्याचं ब्रीद. त्याची चीड वेगळीच होती. आहे तो कायदाच निसर्गाने घालून दिल्यासारखा परमपवित्र ठरवून सुधारणेची वाट बंद करणारे वकील त्याच्या डोक्यात जात. कायदा माणसांनी केला आहे हे एकदा कबूल केलं, की तो माणसांना बदलताही येतो. या अंगाने पाहिलं तर विधिप्रामाण्यवाद हे सुधारकाचं हत्यार आहे. हे वर्गात सांगितलं की पोरं चमकतात.

‘यांच्यामुळेच हिटलर फावला’ हा आरोप

विधिप्रामाण्यवाद नाकारणाऱ्यांचं सगळ्यात वजनदार कारण जर्मनीतून येतं. गुस्ताव राडब्रुख वायमार प्रजासत्ताकात, म्हणजे हिटलरपूर्व लोकशाही जर्मनीत, कायदामंत्री होता. १९३३ मध्ये नाझींनी त्याची प्राध्यापकी काढून घेतली. १९४६ मध्ये त्याने एका निबंधात लिहिलं की ‘कायदा तो कायदा’ या शिकवणीने जर्मन न्यायविश्वाला निःशस्त्र करून टाकलं होतं. उपाय म्हणून त्याने जे सूत्र दिलं ते आजही राडब्रुखच्या नावानेच ओळखलं जातं. सर्वसाधारणपणे लिखित कायदाच चालेल, तो अन्यायी असला तरी. पण अन्याय असह्य टोकाला गेला तर कायद्याने न्यायापुढे माघार घ्यावी. आणि न्यायाचा गाभा असलेली समानताच जिथे जाणूनबुजून पायदळी तुडवली जाते, तिथे त्या फर्मानाला कायद्याचं स्वरूपच उरत नाही.

हे भोगलेल्या माणसाने लिहिलेलं आहे, म्हणून ते मनाला भिडतं. पण इतिहासाची साक्ष वेगळी आहे. विसाव्या शतकातला सर्वांत मोठा जर्मनभाषक विधिप्रामाण्यवादी हान्स केल्सन. ऑस्ट्रियाच्या १९२० च्या घटनेच्या मसुद्यात त्याचा मोठा वाटा होता. त्याचीही कोलोनची खुर्ची १९३३ मध्येच गेली. नाझींना विधिप्रामाण्यवाद नको होता, आणि का नको होता ते त्यांच्या दुरुस्त्यांतच दिसतं. जून १९३५ मध्ये त्यांनी दंडसंहितेचं दुसरं कलम बदललं. एखादं कृत्य कायद्यात गुन्हा म्हणून लिहिलेलं नसलं, तरी कायद्याच्या मूळ विचाराप्रमाणे आणि ‘जनतेच्या निकोप भावनेप्रमाणे’ ते शिक्षेला पात्र वाटलं, तर न्यायाधीशाने शिक्षा द्यावी, अशी मुभा त्या बदलाने दिली.

ही दुरुस्ती पुन्हा एकदा वाचा. न्यायाधीशाने कायद्याच्या अक्षराला चिकटून न राहता समाजाची नैतिक भावना पाहावी! नीती कायद्यात शिरली ती याच दाराने, आणि आत आली ती कुणाची नीती होती हे आपल्याला ठाऊक आहे. अक्षराला चिकटून बसणारा रुक्ष न्यायाधीश त्या काळात बराच उपयोगी पडला असता. म्हणून या मुद्द्यावर मी राडब्रुखच्या निदानाशी सहमत नाही; त्याचं औषध वेगळं तपासू.

खबर देणारी बायको

हे औषध तपासायला एक खटला नेहमी घेतात. १९४४ साली एक जर्मन सैनिक रजेवर घरी आला आणि हिटलरविषयी वाईटसाईट बोलला. बायकोला नवरा नकोसा झाला होता. तिने वर कळवलं. त्याला मृत्युदंड झाला, पण तो अमलात न आणता आघाडीवर पाठवण्यात आलं. युद्ध संपलं आणि १९४९ मध्ये खटला तिच्यावर उभा राहिला: दुसऱ्याचं स्वातंत्र्य बेकायदा हिरावून घेतल्याचा, १८७१ च्या दंडसंहितेखाली. तिचा बचाव सरळ होता. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे त्याचं बोलणं गुन्हा होतं, मी गुन्ह्याची खबर दिली.

१९५८ मध्ये हार्ट आणि अमेरिकन विधितज्ज्ञ लॉन फुलर यांची हार्वर्डच्या नियतकालिकात जी जुगलबंदी झाली, तिच्या केंद्रस्थानी ही बाई होती.

हार्ट म्हणतो, तो कायदा नीच होता, पण कायदा होता. आता समोर दोन वाटा आहेत आणि दोन्ही वाईट: तिला सोडून द्या, किंवा पूर्वलक्षी कायदा करून शिक्षा द्या. दुसरी वाट धरायची तर उघड धरा. मागे जाऊन शिक्षा देतोय हे मान्य करा. ‘तो कायदा कधी कायदा नव्हताच’ असं म्हटलं, की एका अनिष्टासाठी दुसरं पत्करलं ही गोष्टच झाकली जाते.

फुलरचं उत्तर आणखी रंजक आहे, कारण तो नीतीची दुहाई देत बसत नाही. तो म्हणतो, त्या कायद्याचा मजकूर तरी बघा. १९३८ च्या कायद्यात गुन्हा होता तो जाहीर वक्तव्याचा. घराच्या चार भिंतींत बायकोशी बोललेलं जाहीर कधी झालं? नाझी न्यायालयं स्वतःचेच कायदे पाळत नव्हती. अडचण आली की पक्ष रस्त्यावर उतरे, नाहीतर मागाहून कायदा करी. जून १९३४ च्या अखेरीस हिटलरने पक्षातल्याच विरोधकांची कत्तल केली आणि ३ जुलैला कायदा करून ती रीतसर ठरवली. अशा यंत्रणेला ‘कायदा’ ही पदवी हार्ट एवढ्या सढळ हाताने कशी देतो, असा फुलरचा सवाल आहे.

तरीही निष्कर्ष एकच निघाला! पूर्वलक्षी कायदाच बरा, असं फुलरही म्हणतो. कारण मात्र वेगळं. त्याच्या मते त्यामुळे भूतकाळाशी स्वच्छ काडीमोड होतो. मी सुरुवातीला म्हटलेलं ‘एकच दार’ ते हेच.

एक तळटीप मनात ठेवा. हार्टने हा निकाल एका इंग्रजी सारांशावरून घेतला होता आणि तो सारांश सदोष निघाला. प्रत्यक्ष निकालात नाझी कायदा नैसर्गिक न्यायाच्या आधारे रद्दबातल ठरवलेला नव्हता. हार्टने पुढे हे मान्यही केलं. जगातल्या सगळ्या विधी महाविद्यालयांत घोटला जाणारा हा दृष्टांत मुळात चुकीच्या कात्रणावर उभा आहे, याची मला दरवेळी गंमत वाटते. युक्तिवादांना त्याने बाधा येत नाही, एवढं खरं.

रेक्स राजाचे आठ अपयश

तिसरी वाट हवी असेल तर फुलरचीच १९६४ मधली मांडणी घ्या. त्याने रेक्स नावाचा एक कल्पित राजा उभा केला. हेतू चांगला, हात वाईट. आधी तो सगळे जुने कायदे रद्द करतो आणि प्रत्येक तंटा त्या त्या वेळी सोडवू पाहतो. कुणाला काही नियम सापडत नाही. मग संहिता लिहितो, पण गुप्त ठेवतो. मग वर्षाअखेरीस मागच्या वर्षाचे नियम सांगायची टूम काढतो. पुढची संहिता कुणाला कळत नाही. तिच्या पुढची परस्परविरोधी निघते. तीही दुरुस्त होते तर तिच्यात अशक्य गोष्टी: राजासमोर खोकला, शिंक आली, चक्कर येऊन पडलात, तर दहा वर्षं कैद. त्यानंतर नियम रोज बदलू लागतात. शेवटी नियम स्थिर होतात, पण राजा निकाल देताना त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही.

फुलरचा मुद्दा असा की रेक्सने वाईट कायदे केले हे त्याचं अपयश नव्हेच. त्याला कायदा करताच आला नाही. नियम सर्वांसाठी असावेत, जाहीर व्हावेत, पुढच्या काळासाठी असावेत, समजावेत, एकमेकांना छेद देऊ नयेत, पाळता येण्यासारखे असावेत, थोडे तरी टिकावेत आणि अंमल त्यांच्याप्रमाणेच व्हावा. याला त्याने कायद्याची अंतर्गत नीती म्हटलं.

हार्टचा टोला तिखट होता: विषप्रयोगाचेही नियम असतातच. उलटी होईल असं विष वापरू नये, संशय येईल असं वापरू नये. नियम पाळून काम चोख झालं, तर त्याला काय विषप्रयोगाची अंतर्गत नीती म्हणायचं? टोला बसतो. आठही अटी पाळून एखादं राज्य एका समाजगटाला पद्धतशीर चिरडू शकतं. वर्णभेदी राजवटींनी आपले भेदभाव राजपत्रात रीतसर छापले होतेच. पण रोजच्या कामात हातात धरायला फुलरची फूटपट्टी सगळ्यात सोयीची, हे माझं मत हार्टच्या टोल्यानंतरही बदललेलं नाही. समोरचा कायदा अन्यायी आहे की नाही यावर दहा जण दहा दिशांना जातील. तो जाहीर झाला होता का, मागच्या तारखेपासून लागू केला का, पाळणं शक्य तरी होतं का, यावर मात्र पुराव्यानिशी बोलता येतं.

भिंतीवरचा शिपाई

राडब्रुखचं औषध खरोखर वापरलं गेलं ते जर्मनीच्या एकीकरणानंतर. १ डिसेंबर १९८४ ची पहाट. वीस वर्षांचा एक तरुण शिडी लावून बर्लिनची भिंत चढतो आहे. दोन सीमारक्षक गोळ्या झाडतात. एक पाठीत लागते, एक गुडघ्यात. दोन तासांहून अधिक वेळ त्याला वैद्यकीय मदत मिळत नाही. सकाळी तो मरतो. पूर्व जर्मनीच्या १९८२ च्या सीमा कायद्यात काही परिस्थितीत गोळीबाराची मुभा होती, आणि वरून येणारा हुकूम तर ‘कुणीही पार जाता कामा नये’ असाच असे.

या रक्षकांवर खटला चालला तेव्हा संघराज्याच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने ३ नोव्हेंबर १९९२ च्या निकालात राडब्रुखच्या सूत्राचा आधार घेतला. ते सूत्र नाझी अत्याचारांसाठी घडलेलं होतं आणि ते इथे जसंच्या तसं लावणं सोपं नाही, हेही न्यायालयाने ओळखलं. म्हणून आंतरराष्ट्रीय मानवी हक्कांचा टेकू त्याला दिला. दोघांची शिक्षा कायम राहिली, पण ती स्थगित स्वरूपाची होती. तुरुंगात कुणी गेलं नाही.

पुढे पूर्व जर्मनीचे बडे नेते स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. कृत्य केलं तेव्हा गुन्हा नव्हतं, मग शिक्षा कशी, असं त्यांचं म्हणणं. २२ मार्च २००१ ला ते हरले, पण कसे हरले ते पाहा. न्यायालयाने मुख्य भर दिला तो पूर्व जर्मनीच्या स्वतःच्याच घटनेवर आणि कायद्यांवर. कागदावरच्या कायद्यात जीव वाचवण्याचं, बळाचा वापर प्रमाणात ठेवण्याचं बंधन होतं. गुप्त हुकूम आणि प्रत्यक्ष वहिवाट यांनी ते गिळून टाकलं होतं. अशा वहिवाटीला कायदा म्हणता येणार नाही.

एकाच भिंतीखालचे मृत्यू, निष्कर्ष सारखा, वाटा दोन. पहिली नैसर्गिक कायद्याची: ती मुभाच असह्य अन्यायाची होती. दुसरी बरीचशी विधिप्रामाण्यवादी: तुमचाच कायदा नीट वाचा, त्यात हे बसत नव्हतं. वकिलाला निवडायचं असेल तर मी दुसरी वाट आधी चाचपून बघायला सांगेन. ती चालली तर मोठ्या तत्त्वाला हात घालावा लागत नाही, आणि प्रतिपक्षाला ‘हा तुमचा नैतिक आग्रह’ असं म्हणून झटकताही येत नाही. पहिली वाट राखून ठेवावी, कायदा वाचून वाचून खरोखरच काही हाती लागलं नाही तर.

आजोबाला विष देणारा नातू

न्यूयॉर्कमधला १८८९ चा रिग्ज विरुद्ध पामर. आजोबाने मृत्युपत्रात बहुतेक मालमत्ता नातवाला लिहिली होती. आजोबा मृत्युपत्र बदलणार या भीतीने नातवाने त्याला विष घातलं. खुनाची शिक्षा झाली, आणि तरी तो वारसा मागायला उभा राहिला, कारण मृत्युपत्राच्या कायद्यात खुन्याला वगळणारं अक्षर नव्हतं. बहुमताने ठरवलं की स्वतःच्या दुष्कृत्याचा फायदा कुणालाही घेता येत नाही. विरोधी मत देणाऱ्या न्यायाधीशाचं म्हणणं होतं की कायदा स्पष्ट आहे, आणि फौजदारी शिक्षेवर आणखी एक शिक्षा वाढवण्याचा आम्हाला अधिकार नाही.

अमेरिकन विधितज्ज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किनने १९६७ मध्ये हा निकाल हार्टच्या तोंडावर फेकला: हे तत्त्व कोणत्या विधिमंडळाने केलं? मान्यता-नियमात ते सापडतं का? नाही, आणि तरी न्यायालय ते कायदा म्हणूनच लावतं. इथे विधिप्रामाण्यवाद्यांची दोन घरं झाली. जोसेफ राझचं कडक घर म्हणतं की न्यायाधीशाने इथे नवा कायदा घडवला, तो आधी नव्हता. मवाळ घर म्हणतं की एखाद्या समाजाच्या मान्यता-नियमातच नैतिक कसोटी असू शकते, घटनेत समानतेचं कलम असतं तशी. हार्टचं झुकतं माप मवाळ घराला होतं, हे त्याच्या मृत्यूनंतर १९९४ मध्ये छापल्या गेलेल्या परिशिष्टात दिसतं. प्रबंध लिहिणाऱ्याने आधी आपण या दोनपैकी कुठल्या घरात राहतो ते ठरवावं, नाहीतर मौखिक परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला भंबेरी उडते. माझ्यापुरतं सांगायचं तर राझचं घर जास्त नीटनेटकं आहे, आणि त्यात राहायला मला आवडत नाही.

एक गल्लत टाळा. अनैतिक वाटणाऱ्या वर्तनाला कायद्याने शिक्षा द्यावी का, हा वाद वेगळा. इंग्लंडमध्ये समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळण्याची शिफारस १९५७ च्या वुल्फेन्डन अहवालाने केली, त्यावर न्यायाधीश लॉर्ड डेव्हलिन आणि हार्ट भिडले. तिथे प्रश्न कायदा काय असावा हा होता. इथे कायदा म्हणजे काय हा आहे.

मग घ्यायचं कोणतं

उभे कुठे आहात त्यावर ठरतं. अशील समोर बसून ‘माझ्या बाबतीत कायदा काय सांगतो’ विचारत असेल, तर त्याला तुमची नीती नको आहे. तिथे हार्टखेरीज पर्याय नाही. कायदा मोडून तुरुंगात जायची तयारी ठेवणाऱ्याला अक्वायनस जवळचा वाटेल. मार्टिन ल्यूथर किंगने १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात त्याचाच हवाला दिला आहे. मसुदा करणाऱ्याच्या टेबलावर फुलरच्या आठ अटी चिकटवलेल्या असाव्यात. अवघड जागा न्यायाधीशाची, आणि ती भारतातल्या एका खटल्यात फार जवळून दिसते.

आणीबाणीत २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद २१ साठी, म्हणजे जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्कासाठी, न्यायालयात जाण्याचा हक्क निलंबित झाला. स्थानबद्धांच्या हेबियस कॉर्पस, म्हणजे अटक कायदेशीर आहे का ते तपासा असं सांगणाऱ्या, अर्जांवर नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या बाजूने कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयात सुनावणी चालू असताना न्यायमूर्ती खन्नांनी ॲटर्नी जनरलना विचारलं: एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला, तर काही उपाय राहील का? उत्तर आलं, आणीबाणी आहे तोवर नाही. २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक अशा बहुमताने अर्ज करण्याचा मार्ग बंद झाला. जगण्याचा हक्क अनुच्छेद २१ मध्येच राहतो, आणि त्याचं दार बंद आहे, असा तो तर्क.

हा निकाल विधिप्रामाण्यवादाच्या माथी मारण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. एकट्या पडलेल्या खन्नांनी आकाशातला न्याय खाली ओढून आणला नव्हता. संविधान येण्याआधीही कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाचा जीव वा स्वातंत्र्य घेण्याची सत्ता राज्याला नव्हती, अनुच्छेद २१ हे त्या हक्काचं एकमेव भांडार नाही, हे त्यांनी कायद्यातूनच दाखवलं. कट्टर विधिप्रामाण्यवाद्यालाही त्यावर सही करता आली असती. बहुमताने कायदा जपला असं म्हणण्यापेक्षा तो अर्धाच वाचला असं म्हणणं जास्त बरोबर. जानेवारी १९७७ मध्ये खन्नांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीश नेमला गेला आणि त्यांनी राजीनामा दिला.

चूक दोनदा दुरुस्त झाली, दोन निरनिराळ्या भाषांत. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५९ मध्ये लिहूनच टाकलं की २० आणि २१ हे अनुच्छेद आणीबाणीतही निलंबित करता येणार नाहीत. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो जुना निकाल चुकीचा ठरवला; जीवन आणि स्वातंत्र्य हे राज्याने बहाल केलेले नाहीत, संविधानानेही ते निर्माण केलेले नाहीत, असं मुख्य निकालपत्रात म्हटलं आहे. नैसर्गिक हक्कांची इतकी उघड भाषा त्या न्यायालयात क्वचित ऐकू येते.

मागच्या बाकावरचा यावर लगेच विचारतो, ‘सर, उद्या पुन्हा तसंच झालं तर तुम्ही कशाचा आधार घ्याल?’ २०१७ चा परिच्छेद मला पाठ आहे आणि तो वाचताना आजही बरं वाटतं. पण न्यायालयात उभं राहायचं झालं तर मी पहिल्यांदा अनुच्छेद ३५९ चं पान उघडेन.